शपथेबाहेरचा पेशंट

नांदेड, १८ मार्च

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, मेसेज ब्लॉक केलेस, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर आधी वाच आणि मग खुशाल फाड.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. अण्णांनी मला शपथ घातली आहे. शब्द त्यांचेच: "माझ्या दुखण्याचं दयाला कळवलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." माय शेजारी उभी होती, तिनेही मान हलवली. त्यामुळे अण्णांच्या तब्येतीबद्दल या पत्रात तुला एक अक्षरही सापडणार नाही. मी तुला एका पेशंटबद्दल लिहितेय. फोनवर ते जमलं नसतं, माझा आवाज लगेच फुटतो. कागदावर मात्र माणसाला बिनदिक्कत पेशंट म्हणता येतं.

तर पेशंट जळकोट तालुक्यातला, वय चौसष्ट, धंदा शेती, तोंडात वरखाली कवळी, स्वभाव हेकट. कौटुंबिक हकीकत अशी, की पेशंटच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी मुरुडच्या बौद्ध घरातल्या मुलीशी लग्न केलं. तेव्हा पेशंट भर अंगणात म्हणाला, त्या घरचं पाणी मी जन्मात पिणार नाही. मुलगा म्हणाला, मग मीही तुमच्या घरचं पिणार नाही. मुलगा लातूरला कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो आणि तेव्हापासून घरातल्या कुणाशीही बोलत नाही, बिचाऱ्या बहिणीशीसुद्धा. असे पेशंट मराठवाड्यात शेकड्याने असतील. तू उगाच काही कल्पना करून घेऊ नकोस.

आता मुद्द्याचं. पेशंटला दोन आठवडे पोटात उजवीकडे खाली दुखत होतं, संध्याकाळी बारीक ताप, जेवण निम्म्यावर. गावातल्या डॉक्टरने नांदेडला पाठवलं, सीटी झाला, आणि तो सीटी मी एकटीने वाचला. रेडिओलॉजीच्या दुसऱ्या वर्षात असं भाग्य क्वचित लाभतं, पण आमच्या विभागप्रमुख रेणुका मॅडम मीटिंगमध्ये अडकल्या होत्या आणि पडद्यावर पेशंटचं पोट उघडलेलं होतं. सीटीत पोटाचे पातळ पातळ काप एकाखाली एक दिसतात. मी माऊसचं चाक फिरवत खाली उतरत गेले. लहान आतडं संपून मोठं सुरू होतं ना, ज्या जागेची आकृती तू पोरांकडून घोटून घेतोस, बरोबर तिथे आतड्याची भिंत सुजलेली. एरवी ती दिसते न दिसते इतकी पातळ असते, इथे पेन्सिलीएवढी जाड. आजूबाजूची चरबी मळकट झालेली.

दादा, मी खुर्चीतून उठलेच. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पुस्तकात घोकलेली गोष्ट अशी समोर येऊन उभी राहिली की होतो तसा. पोट कुणाचं आहे हे थोडा वेळ मी साफ विसरून गेले होते. रिपोर्टात ठोकून लिहिलं: आतड्याचा टीबी. आपल्याकडे याच जागी सूज दिसली की पहिलं नाव टीबीचंच येतं. सहा महिने गोळ्या, आणि पेशंट ठणठणीत.

मॅडम आल्या, रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "कारणं किती लिहिलीस?"

"एक."

"बाकीची कुठे गेली?"

मग समोर बसवून माझ्याकडून सगळी लिहून घेतली. टीबी, टायफॉइड, अमीबा, दुखण्याच्या गोळ्यांनी पडलेले व्रण, आतड्याचा रक्तपुरवठा कमी होणं, क्रोन नावाचा एक आजार. आणि सगळ्यांत शेवटी अजून एक, ते मी जरा बारीक अक्षरात लिहिलं.

पेशंट वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर आहे. चहा फिका म्हणून सिस्टरशी भांडण चालू आहे, तेव्हा तूर्त काळजी नको.

अक्षरा


नांदेड, २३ मार्च

दादा,

पोचपावती आली. सही उज्वला वहिनीची आहे. वहिनी, नमस्कार. हा माणूस पत्र उघडत नसेल तर तुम्ही उघडा आणि त्याला चहाबरोबर वाचून दाखवा.

बातमी अशी, की टीबीचं काही खरं दिसत नाही आणि मी भलतीच खूश आहे. पेशंटला दुर्बीण घातली. सूज एवढी होती की दुर्बीण लहान आतड्याच्या तोंडाशीच अडली, आत शिरलीच नाही. तोंडाजवळ व्रण दिसला, त्याचे बारीक तुकडे तपासायला काढले. टीबीची तपासणी निगेटिव्ह आली. म्हणजे आता माझं मत क्रोन. या आजारात शरीर स्वतःच्याच आतड्याशी भांडत बसतं, बाहेरचा शत्रू कुणी नसतोच. आपल्या घराण्याला अगदी शोभून दिसेल. चुकले, पेशंटच्या घराण्याला.

मी मॅडमना सांगितलं, शंभर टक्के क्रोन. त्या म्हणाल्या, "परवा टीबी शंभर टक्के होता. पेशंटशी बोललीस का नीट?"

गेले. त्याच्याशी नीट बोलणं म्हणजे काय, हे मॅडमना काय माहीत. कच्चं दूध पिता का, विचारलं. "म्हशीचं, धारोष्ण. लहानपणापासून." (म्हणजे टीबी परत यादीत.) गुडघ्याला गोळ्या घेता का? "मेडिकलवाला देतो ती पांढरी. लई न्हाई, रोज एक." (म्हणजे गोळ्यांचे व्रणही यादीत.) मग विचारलं, बाहेर कुठे जेवलात? लग्न, भंडारा, हॉटेल, काहीही?

"मी दुसऱ्याच्या घरचं पाणी पित न्हाई. तुला म्हाईत हाय." आणि भिंतीकडे तोंड करून झोपण्याचं सोंग.

माय म्हणाली, "जेवायचं कुठलं? मागच्या म्हयन्यात बसवंताच्या गाडीवर माहूरला गेले व्हते तेवढंच. देवीला गेलं माणूस आन् तांबूल न आणता आलं. तवाच मला वाटलं, ह्यांचं काहीतरी बिघडून राहिलंय." बसवंतकाका तुला आठवत असतील, शेजारच्या शिवारातले, पेशंटचे एकुलते एक मित्र. माहूरला जाऊन तो कुटलेल्या विड्याचा प्रसाद न घेता परतणं हे मायच्या दृष्टीने कुठल्याही तापापेक्षा गंभीर लक्षण आहे. मी मॅडमना सांगितलं तर त्या खूप हसल्या, पण म्हणाल्या, लिहून ठेव.

तुझ्या लेकीच्या, सृष्टीच्या बारशाला मला यायचं होतं. वहिनीने बोलावलंही होतं, पण ड्युटी बदलून मिळाली नाही. तिने पाठवलेला सृष्टीचा फोटो मी पेशंटला दाखवला नाही. पेशंटनेच माझ्या मोबाइलवर बराच वेळ पाहिला आणि "चार्जिंग कमी हाय तुझं" असं म्हणून मोबाइल परत दिला. चार्जिंग चांगलं ऐंशीच्या वर होतं.

अक्षरा


नांदेड, २९ मार्च

दादा,

काल दुपारी वॉर्डातल्या फोनवर लातूरहून कुणीतरी विचारलं, "खिडकीजवळच्या पेशंटला रक्त लागणार आहे का?" सिस्टरने नाव विचारलं तर फोन ठेवून दिला. पेशंट खिडकीजवळ आहे हे लातूरमध्ये फक्त एका पत्रात लिहिलेलं होतं. तर फोन करणाऱ्या त्या सद्गृहस्थांना कळवते की रक्त कदाचित लागेल.

कारण माझं क्रोनही पडलं. तुकड्यांचा रिपोर्ट आला: नुसती सूज, कारण सांगता येत नाही. एवढं सगळं करून एवढंच. आणि पेशंटचं वजन उतरतंच आहे. आज सर्जन, मेडिसिनचे सर आणि मॅडम असे तिघं बसले होते, मी मागे उभी. सर्जन म्हणाले, गाठ नाही असं कोण छातीठोक सांगणार? तुकडे वरवरचे होते, आत काय आहे ते कळलेलंच नाही. गुरुवारी पोट उघडू, उजव्या बाजूचं आतडं काढून टाकू आणि ते तपासायला पाठवू.

गाठ म्हणजे कॅन्सर. पहिल्या पत्रात बारीक अक्षरात लिहिलं म्हणाले होते ते हेच. तुझ्यापासून लपवलं असं नाही, मी माझ्यापासूनच लपवत होते. इतके दिवस मी कोडं सोडवल्यासारखी नाचत होते, आणि आज त्या खोलीत पहिल्यांदा मला पोट कुणाचं आहे ते आठवलं. गुरुवारी ते आतडं निघालं आणि त्यात कॅन्सर नसला, तर फुकटचं कापलं. असला, तर पुढचं मला लिहवत नाही. मला भीती वाटतेय दादा.

पेशंटला सांगितलं. तो म्हणाला, "कापा. किती दिस पडून राहू? शेतात हळद तशीच पडलीय." मायने मात्र पदर तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर बघत बसली. संध्याकाळी मी उठून निघाले तेव्हा पेशंट हळूच म्हणाला, "अक्षरा, भूल दिल्यावर मानूस बडबडतो का गं?" मी विचारलं, का? म्हणाला, "उगाच इचारलं."

तुला ये म्हणणार नाही. शपथ आहे. पण गुरुवार आहे हे लक्षात ठेव.

अक्षरा


नांदेड, ३१ मार्च

दादा, दादा, दादा,

माझं अक्षर बघू नकोस, घाईत लिहितेय. आनंदाची बातमी आहे, पण अजून काही पक्कं नाही, तरी हे पत्र आजच्या टपालात पडलंच पाहिजे.

आज मॅडमनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "गुरुवारच्या आधी तो सीटी परत बघू. पण आता आजाराचं नाव मनात आणू नकोस. टीबी नाही, क्रोन नाही, काही नाही. नुसतं चित्र बघ आणि त्यात न शोभणारं काय आहे ते सांग."

आम्ही दोघी बसलो. यंत्राकडून अजून पातळ काप करून घेतले. तेच आतडं, तीच सूज. मी इतक्यांदा पाहिलंय की डोळे मिटूनही दिसतं. सुजेच्या मधोमध प्रत्येक कापात एक पांढरा ठिपका आहे, तोही मी रोज बघत होते आणि रक्तवाहिनी म्हणून सोडून देत होते. मॅडम म्हणाल्या, चित्र आडवं फिरव. फिरवलं. तिरकं फिरव. फिरवलं. आणि ते ठिपके एकामागे एक येऊन उभे राहिले आणि त्यांची रेघ झाली.

सरळ रेघ, दादा. पोटात सरळ काहीच नसतं. आतडी वळतात, रक्तवाहिन्या वळतात, सगळं वळणावळणाचं. ही रेघ पट्टीने आखल्यासारखी, करंगळीएवढी लांब, एक टोक आतड्याच्या भिंतीत घुसलेलं.

मी ओरडलेच. शेजारच्या खोलीतून टेक्निशियन धावत आला. मॅडम जागच्या हलल्या नाहीत, पण चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "हाड नाही, हाड याहून पांढरं दिसलं असतं. धातू नाही. लाकूड वाटतं. पेशंटला कवळी आहे का?"

आहे, पहिल्याच पत्रात तुला लिहिलं होतं आणि मला त्याचा काही अर्थ लागला नव्हता. कवळीने टाळू झाकली जाते. घासात काही टोकदार आलं तर जीभ चुकली तरी आपल्या टाळूला कळतं, कवळीवाल्याला कळत नाही, ते सरळ घशाखाली जातं. बहुतेक वेळा बाहेरही पडतं. पण कधी कधी लहान आतडं संपतं त्या अरुंद जागी अडतं, टोचतं, आणि तिथे सूज धरते. सीटीत ती टीबीसारखी दिसते, क्रोनसारखी दिसते, गाठीसारखीसुद्धा दिसते. त्या सुजेला मी दोन आठवडे एकेक नाव देत सुटले होते.

मी लिफ्टची वाट न बघता जिने उतरत सर्जनकडे गेले. ते आधी वैतागले, मग चित्र बघून खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, अँटिबायोटिकने सूज थोडी उतरली असेल तर गुरुवारी आधी दुर्बीण पुन्हा घालून बघू. टोक दिसलं तर चिमट्याने ओढू. नाही दिसलं किंवा रक्त सुरू झालं तर तिथल्या तिथे पोट उघडू. म्हणजे गुरुवार टळला नाही. फक्त गुरुवारला आता दोन दारं झाली.

पेशंटला विचारलं, दात कोरायची काडी गिळलीत का? तो म्हणाला, "दातच न्हाईत तर कोरू काय?" मग लाकडाचं काय खाल्लंत? यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझंच डोकं तपासायला हवं. पण नंतर चहा आला तो त्याने घेतला नाही, आणि फिका आहे असंही म्हणाला नाही.

अक्षरा


नांदेड, ४ एप्रिल

दादा,

निघाली.

पोट उघडावं लागलं नाही. दुर्बीण या वेळी आत शिरली आणि पडद्यावर लालभडक सुजेतून काळसर टोक डोकावलं. चिमटा लागला, सुटला, पुन्हा लागला, आणि सर्जन कापूस ओढावा इतक्या हलक्या हाताने ओढत राहिले. थोडं रक्त आलं आणि थांबलं. गाठ नाही, कॅन्सर नाही, टीबी नाही, क्रोन नाही. एक काडी. बारीक, तपकिरी, दोन्ही टोकं तिरपी छाटलेली. मी बाहेर येऊन मायच्या गळ्यात पडले आणि आम्ही दोघी इतक्या मोठ्याने रडलो की बाकीच्या नातेवाइकांना वाटलं पेशंट गेला.

हे झालं डॉक्टरी. आता पुढचं लिहिते. यापुढे मी पेशंट हा शब्द वापरणार नाही, तशी परवानगी मिळाली आहे.

आज सकाळी ती काडी बाटलीत घालून मी अण्णांकडे नेली. म्हटलं, हे तुमच्या पोटातून निघालं, बघा. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाले, "पत्रावळीची हाय."

मी म्हटलं, आता पत्रावळी राहिल्यात कुठे, सगळीकडे कागदी प्लेटा.

"कडुलिंबाची काडी हाय. पळसाची पानं हिनंच टाचत्यात."

माय म्हणाली, "माहूरला जेवला व्हता का तुमी?"

"म्या माहूरला गेलोच न्हाई."

"मग?"

अण्णा बाटलीकडेच बघत होते. "मुरुडला गेलतो."

दादा, सृष्टीच्या बारशाला. बसवंतकाकांच्या गाडीवर, मायला माहूर सांगून. तांबूल आणणार कुठून? मी तिथेच कॉटवर बसले. अण्णा मान वर न करता बोलत राहिले. त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण मला दुसऱ्या शब्दांत सांगता येणार नाही.

"लांबूनच बघून माघारी फिरायचं व्हतं. रस्त्याच्या पल्याड हुभा राहिलो. बुद्धवंदना झाली, पोरीचं नाव ठिवलं, मंग पंगती बसल्या. बसवंत म्हणला, मांडवात कोन कुनाला इचारतंय, चल. म्या डोक्यावरून टॉवेल घेतला आन् शेवटच्या पंगतीत कोपऱ्याला बसलो. समदे म्हणून राहिले व्हते, पोरीच्या पणजीनं, पारूबाईनं, हातानं टाचल्यात पत्रावळी, नातीच्या लेकीसाठी. तेवढ्यात दया बादली घिऊन आला. त्योच वाढून राहिला व्हता. मंग म्या मान जी खाली घातली ती घातली. वर बघितलं आसतं तर त्यानं वळखलं आसतं. त्यानं वरण वाढलं, म्या भात कालवून गिळला. त्यानं परत वाढलं, परत गिळला. चावायचं कुठं ध्यानात राहतंय."

इतके डॉक्टर, इतकी यंत्रं, आणि मी रोज विचारत होते, बाहेर कुठे जेवलात का. त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला नको म्हणून हा माणूस आतडं कापून द्यायला तयार झाला होता. भुलीत बडबडेन की काय, एवढीच त्याला धास्ती होती. मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि भयंकर रागही येत होता. मी त्यांना तोंडावर सांगितलं, वहिनीने आणि तिच्या घरच्यांनी तुमचं जे ऐकून घेतलंय ते चोरून जेवलेल्या एका जेवणाने पुसलं जात नाही. अण्णा म्हणाले, "हाव, खरं हाय तुझं."

माय रागावेल असं मला वाटलं होतं. ती कॉटच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "जेवण कसं व्हतं?"

"झ्याक व्हतं."

"आन् पोरगी?"

"नाक आपल्यावानी हाय," अण्णा म्हणाले, आणि मायने माझ्या मोबाइलवरचा तो फोटो मागून घेतला.

दुपारी मी निघाले तर त्यांनी परत हाक मारली. म्हणाले, "दयाला लिही." मी म्हटलं, काय लिहू, तुमची शपथ आहे. म्हणाले, "शपथ मोडली समज. त्याला एक इचार. पंगतीत बाकीच्यास्नी एक एक पळी वाढून तो फुडं जाऊन राहिला व्हता. माझ्याकडं सारखा माघारी यायचा. मागितलं न्हाई तरी वाढायचा. कामून?"

मी विचारते आहे दादा. कामून?

अक्षरा


लातूर, ७ एप्रिल

अण्णा,

प्रश्न तुमचा होता म्हणून उत्तर तुम्हालाच लिहितो. अक्षराची सगळी पत्रं वाचली. वॉर्डात फोन मीच केला होता. यायला निघालोही होतो, पण बसस्टँडवर गाडी सुटेपर्यंत उभा राहिलो आणि घरी परतलो. तुम्ही मला बघून तोंड फिरवाल असं वाटलं.

रविवारी आम्ही तिघं नांदेडला येतो आहोत. उज्वलाने एक गोष्ट स्पष्ट सांगायला सांगितली आहे, तिच्याच शब्दांत लिहितो: "मुरुडला पुन्हा जेवायला यायचं असेल तर माझ्या वडिलांना स्वतःचं नाव सांगून यायचं आणि डोक्यावरचा टॉवेल काढून बसायचं." पारूआजीला काडीचं अजून सांगितलेलं नाही. तिला फार लागेल.

आता तुमच्या प्रश्नाचं. मी तुम्हाला पहिल्या वाढपालाच ओळखलं होतं. टॉवेल कितीही ओढून घेतलात तरी डावा गुडघा मुडपत नाही म्हणून तो बाजूला काढून बसणारं माणूस त्या पंगतीत एकच होतं. मी बादली तिथेच ठेवून आत पळालो आणि उज्वलाला सांगितलं, अण्णा आलेत. तिने दारातून एकदा पंगतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी जेवू द्या त्यांना. पंगतीतून उठवायचं नाही."

म्हणून वाढत राहिलो. मनात एवढंच होतं, की पोट भरलं की कुठलाही माणूस पत्रावळीवर आडवा हात धरतो, वर बघतो आणि बास म्हणतो. तुम्ही बास म्हणाल म्हणून मी वाढत होतो. तुम्ही हात धरला नाहीत, वर बघितलं नाहीत, मी वाढेन तेवढं खात राहिलात. बादली संपली. धावत जाऊन भरून आणली तोवर तुमची जागा रिकामी होती.

तुमची पत्रावळ मीच उचलली. शीत शिल्लक नव्हतं.

दयानंद